बेसबॉलमधील उत्तेजक द्रव्ये: दिग्गज खेळाडूंना झालेली शिक्षा न्याय्य आहे का?

बेसबॉल हा आपल्याकडे फारसा खेळला जाणारा खेळ नाही. तरीही आरोग्यविषयक लेखात त्याची चर्चा करण्याला कारण आहे. शरीर कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांवरून एखाद्या खेळात इतका मोठा आणि इतका लांबलेला वाद क्वचितच झाला असेल. अमेरिकेतील या खेळाच्या सर्वांत मोठ्या ताऱ्यांवर आरोप झाले. काहींचे निलंबन झाले, काहींना कोर्टाची पायरी चढावी लागली, तर काहींना सर्वोच्च सन्मान नाकारला गेला. ही शिक्षा योग्य होती का, यावर तिथे आजही दोन तट आहेत.

हीच औषधे आज आपल्या शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील जिममध्ये तरुण मुलांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे हा प्रश्न दूरचा वाटला तरी त्यातून घरच्यांनी शिकण्यासारखे बरेच आहे. आधी वैद्यकीय बाजू पाहू, मग न्यायाची.

स्टिरॉइड म्हणजे नेमके कोणते?

‘स्टिरॉइड’ या एकाच शब्दाने दोन अगदी वेगळ्या प्रकारची औषधे ओळखली जातात आणि त्यातून रुग्णांचा मोठा गोंधळ होतो.

पहिला प्रकार म्हणजे दमा, संधिवात, त्वचारोग, किडनीचे काही आजार यांवर डॉक्टर देतात ती स्टिरॉइड्स. उदाहरणार्थ, प्रेडनिसोलोनची गोळी किंवा दम्याच्या पंपातील काही औषधे. ती सूज आणि दाह कमी करतात. त्यांनी स्नायू वाढत नाहीत. उलट जास्त दिवस मोठ्या मात्रेत घेतली तर स्नायू अशक्त होऊ शकतात.

दुसरा प्रकार म्हणजे ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स. ही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) भावंडे. स्टॅनोझोलॉल, नॅन्ड्रोलोन, क्लोस्टेबॉल ही त्यातली काही नावे. बेसबॉलमधील वाद मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

खेळाडूंच्या बातम्या वाचून घाबरून डॉक्टरांनी दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी परस्पर बंद करू नका. बरेच दिवस चालू असलेली ही गोळी एकदम थांबवल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते.

ही औषधे शरीरात काय करतात?

ॲनाबॉलिक स्टिरॉइड्समुळे स्नायूंमध्ये प्रथिने वेगाने तयार होतात. व्यायामाची जोड असेल तर ताकद खरोखर वाढते आणि जोरदार सरावानंतर शरीर लवकर सावरते. बेसबॉलचा हंगाम सुमारे सहा महिने चालतो आणि प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. अशा वेळी लवकर सावरण्याचा फायदा किती मोठा, हे वेगळे सांगायला नको. “या औषधांनी काहीच होत नाही” असे डॉक्टरांनी सांगितले तर मुले विश्वास ठेवणार नाहीत, कारण परिणाम त्यांना आरशात दिसतो. म्हणून फायदा मान्य करून त्याची किंमत सांगणे जास्त योग्य.

ती किंमत अशी:

• बाहेरून हार्मोन मिळाल्यावर शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते. अंडकोष आकसतात, शुक्राणू कमी होतात किंवा पूर्ण थांबतात. मूल न होण्याच्या तक्रारीमागे कधीकधी हेच कारण निघते.
• चांगले कोलेस्टेरॉल (एचडीएल) घटते, वाईट (एलडीएल) वाढते. रक्तदाब वाढू शकतो, हृदयाचे स्नायू जाड होतात, रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.
• विशेषतः गोळ्यांच्या स्वरूपातील काही स्टिरॉइड्स यकृताला इजा करतात.
• पुरुषांमध्ये छातीला स्तनांसारखा उभार येतो, मुरमे येतात, टक्कल पडू शकते. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात. यातले काही बदल औषध थांबवल्यावरही जात नाहीत.
• वाढीच्या वयातील मुलांमध्ये हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी बंद होऊन उंची खुंटू शकते.
• चिडचिड, आक्रमकपणा वाढतो. औषध सोडल्यावर तीव्र नैराश्य येऊ शकते. त्या काळात आत्महत्येचे विचारही येऊ शकतात.
• सुया एकमेकांत वापरल्या तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो.

बेसबॉलमध्ये नेमके काय घडले?

बेसबॉलमध्ये ‘होम रन’ म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार. एका हंगामात ६१ होम रनचा रॉजर मॅरिसचा विक्रम १९६१ पासून टिकून होता. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होम रन मारले. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. पुढे त्याच बाँड्सने कारकिर्दीतील ७६२ होम रनसह हँक आरनचा ७५५ चा विक्रमही मागे टाकला.

या काळातील नियमांची स्थिती विचित्र होती. अमेरिकेत १९९१ पासून ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स नियंत्रित औषधांच्या यादीत आली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती बाळगणे बेकायदा ठरले. त्याच वर्षी बेसबॉलच्या आयुक्तांनी संघांना पत्रक पाठवून ती खेळातही निषिद्ध असल्याचे कळवले. पण चाचणीच नव्हती, त्यामुळे शिक्षेचा प्रश्नही आला नाही. मॅग्वायरच्या कपाटात १९९८ मध्ये पत्रकारांना अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतरित होणारे हे द्रव्य तेव्हा दुकानात खुलेआम मिळत होते आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. आपण स्टिरॉइड्सही घेतली होती, हे मॅग्वायरने २०१० मध्ये कबूल केले.

२००३ मध्ये प्रथमच खेळाडूंच्या सर्वेक्षणासाठी चाचण्या झाल्या. नावे गुप्त राहतील असे वचन दिले होते. ५ टक्क्यांहून अधिक नमुने दोषी आले, म्हणून ठरल्याप्रमाणे २००४ पासून नियमित चाचण्या सुरू झाल्या. पहिल्यांदा सापडल्यास तेव्हा फक्त उपचार होते. २००५ च्या सुरुवातीला १० दिवसांचे निलंबन आले. २००६ च्या हंगामापासून पहिल्यांदा ५० सामने, दुसऱ्यांदा १०० सामने आणि तिसऱ्यांदा आजीवन बंदी अशी शिक्षा ठरली. २०१४ मध्ये ती ८० सामने, पूर्ण हंगाम म्हणजे १६२ सामने आणि आजीवन बंदी अशी कडक झाली.

माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या डिसेंबर २००७ च्या अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती. २०१३ मध्ये फ्लोरिडातील ‘बायोजेनेसिस’ या क्लिनिकचे प्रकरण बाहेर आले. ते चालवणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि त्याने शाळकरी मुलांनाही टेस्टोस्टेरॉन पुरवल्याचे उघड झाले. त्याला तुरुंगवास झाला. ॲलेक्स रॉड्रिग्जला २११ सामन्यांची शिक्षा झाली. लवादाने ती १६२ वर आणली, तरीही २०१४ चा पूर्ण हंगाम त्याला बाहेर काढावा लागला.

शिक्षा अन्यायकारक म्हणणाऱ्यांचे मुद्दे

पहिला मुद्दा: *नियम आधी, शिक्षा नंतर.* ज्या काळात चाचणी नव्हती आणि शिक्षा ठरलेली नव्हती, त्या काळासाठी आज दंड का? बाँड्सला स्टिरॉइडसाठी लीगने कधीच निलंबित केले नाही. खटल्यात न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला होता, पण २०१५ मध्ये तो निकाल रद्द झाला. रॉजर क्लेमेन्सने आरोप कायम नाकारले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तरीही दोघांना ‘हॉल ऑफ फेम’ या सर्वोच्च सन्मानासाठी पत्रकारांच्या मतदानात लागणारी ७५ टक्के मते मिळाली नाहीत. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, बाँड्सला ६६ टक्के आणि क्लेमेन्सला सुमारे ६५ टक्के मते पडली.

दुसरा मुद्दा: *सगळ्यांना एकच माप नाही.* त्याच २०२२ मध्ये डेव्हिड ऑर्टीझ निवडून आला. २००३ च्या गुप्त यादीत त्याचेही नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली होती. त्याने स्टिरॉइड्स घेतल्याचे नेहमीच नाकारले आणि त्या जुन्या चाचण्यांच्या निकालावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असे लीगच्या आयुक्तांनीही म्हटले. पण एकाला संशयाचा फायदा आणि दुसऱ्याला नाही, हे अनेकांना खटकले. त्याआधीच्या पिढीतील खेळाडू ॲम्फेटामाइनच्या उत्तेजक गोळ्या सर्रास घेत. त्यांच्यासाठीच्या चाचण्या २००६ मध्ये सुरू झाल्या. त्या पिढीला कोणी जाब विचारला नाही.

तिसरा मुद्दा: *ज्यांनी डोळेझाक केली त्यांचे काय?* होम रनच्या पावसाने मैदाने भरली, पैसा आला. त्या काळात आयुक्त असलेले बड सीलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले त्यांना मान आणि खेळाडूंना दार बंद, असा हा हिशेब.

चौथा मुद्दा डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो: *गोपनीयता.* २००३ च्या चाचण्यांचे निकाल सरकारी तपास यंत्रणेने जप्त केले आणि पुढे काही नावे फुटली. ती जप्ती बेकायदा होती असा निर्णय नंतर न्यायालयाने दिला. पण गेलेले नाव परत येत नाही. तुमचा रिपोर्ट गुप्त राहील असे सांगून रक्त घ्यायचे आणि मग तो चावडीवर वाचायचा, तर पुढच्या वेळी कोण खरे बोलेल?

शिक्षा हवीच म्हणणाऱ्यांचे मुद्दे

“तेव्हा नियम नव्हता” हे अर्धेच खरे आहे. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड घेणे देशाच्या कायद्याविरुद्ध होते आणि खेळाडू ते लपवत होते. लपवावे लागत होते, याचाच अर्थ चूक कळत होती.

त्याहून मोठा मुद्दा प्रामाणिक खेळाडूचा आहे. संघात जागा एकच आणि दावेदार दोन. त्यातला एक इंजेक्शन घेऊन ताकद वाढवतो. दुसऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: स्वतःच्या हृदयाशी आणि यकृताशी खेळ करायचा, नाहीतर घरी बसायचे. “ज्याचे शरीर त्याची मर्जी” हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण एकाच्या मर्जीतून दुसऱ्यावर सक्ती होते. त्या दुसऱ्याचे नाव कोणत्याच विक्रमात सापडत नाही, म्हणून त्याची बाजू सहसा मांडली जात नाही.

तिसरी बाजू मुलांची. मार्च २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मॅग्वायर, सोसा यांच्यासारखे तारे हजर झाले. त्याच दिवशी स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांच्या पालकांनीही साक्ष दिली. त्यांच्यापैकी टेक्सासमधील एका वडिलांचा शाळकरी, बेसबॉल खेळणारा मुलगा २००३ मध्ये आत्महत्येने गेला होता. स्टिरॉइड सोडल्यानंतर आलेले नैराश्य त्याला कारणीभूत ठरले, असे त्यांचे म्हणणे होते. एका आत्महत्येमागे एकच कारण क्वचित असते. पण पंधरा-सोळा वर्षांची मुले ताऱ्यांकडे पाहून शिकतात, हे कोणी नाकारू शकत नाही.

शिक्षा सौम्य असेल तर तिचा धाकही वाटत नाही. मेल्की काब्रेराला २०१२ मध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी ५० सामन्यांचे निलंबन झाले. काही महिन्यांतच त्याला दुसऱ्या संघाशी दोन वर्षांचा १.६ कोटी डॉलरचा करार मिळाला. शिक्षा वाढवण्याची मागणी त्यानंतर जोर धरू लागली, ती उगाच नाही.

“मला माहीत नव्हते” हे कितपत ग्राह्य धरायचे?

न्यायाचा सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि रुग्णांशी त्याचा थेट संबंध आहे.

राफाएल पाल्मेरोने मार्च २००५ मध्ये संसदेत शपथेवर सांगितले की आपण स्टिरॉइड कधी घेतले नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडल्याचे जाहीर झाले. सहकाऱ्याने दिलेल्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनमधून ते आले असावे, असे तो म्हणाला. प्रशिक्षकाने दिले ते जवसाचे तेल आणि संधिवाताचे मलम असे आपल्याला वाटले, असे बाँड्सने साक्षीत सांगितले. रॉबिन्सन कानोला २०१८ मध्ये फ्युरोसेमाइडसाठी ८० सामने बाहेर बसावे लागले. हे लघवी वाढवणारे औषध आपल्याकडे हृदयाच्या कितीतरी रुग्णांच्या चिठ्ठीत असते. खेळात मात्र लघवी पातळ करून दुसरे द्रव्य लपवण्यासाठी त्याचा वापर होऊ शकतो. आपल्याला ते डॉक्टरांनी दिले होते, असे कानोने सांगितले. दोन वर्षांनी त्याच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडले. फर्नांडो टॅटिस ज्युनियरला २०२२ मध्ये क्लोस्टेबॉलसाठी ८० सामन्यांची शिक्षा झाली. ते गजकर्णावरच्या औषधातून आले, असे त्याचे म्हणणे होते.

यातले काय खरे, काय बहाणा, हे बाहेरून ठरवणे अशक्य आहे. पण अजाणतेपणी असे होऊ शकते, हे नक्की. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या २०१९ मधील चाचणीत टर्ब्युटालिन सापडले. हे खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये असते. त्याने ते अनवधानाने घेतल्याचे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरीही आठ महिन्यांचे निलंबन झाले. कारण जगभर खेळातील नियम एकच: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतू पाहून शिक्षा कमी होते, माफ सहसा होत नाही.

हा नियम कठोर वाटतो, पण त्याला पर्याय नाही. “माहीत नव्हते” एवढे म्हणून सुटता आले असते तर प्रत्येकाने तेच सांगितले असते.

मग न्याय्य शिक्षा कोणती?

माझ्या मते शिक्षा न्याय्य ठरण्यासाठी चार गोष्टी हव्यात: नियम आधी जाहीर हवा, चाचणी विश्वासार्ह आणि गोपनीय हवी, तारा असो वा नवखा, माप एकच हवे आणि हेतूनुसार शिक्षेत फरक हवा. या कसोटीवर २००६ नंतरची निलंबने बऱ्याच अंशी न्याय्य आहेत. खेळाडूंच्या संघटनेने ती मान्य केलेली आहेत, अपील करता येते आणि खऱ्या आजारासाठी औषध लागत असेल तर आधी परवानगी मिळते. पण त्याआधीच्या काळासाठी संशयावरून, निवडून निवडून सन्मान नाकारणे त्या कसोटीला उतरत नाही. तो सगळा काळच दोषी होता. त्यात खेळाडू होते, तसेच संघमालक, प्रशिक्षक, अधिकारी आणि औषध पुरवणारेही होते.

शिक्षेचा हेतू सूड हा नसावा. स्वच्छ खेळणाऱ्याला स्वतःच्या शरीराचा बळी द्यावा लागू नये, हा असावा.

तुमच्या घरी याचा उपयोग काय?

घरातील मुलगा किंवा भाऊ जिमला जात असेल तर या गोष्टींकडे लक्ष ठेवा: काही आठवड्यांत भरभर वाढलेले वजन आणि स्नायू, पाठीवर-खांद्यावर अचानक आलेली मुरमे, छातीला उभार, विनाकारण संताप, खोलीत सापडलेल्या सुया किंवा लेबल नसलेल्या बाटल्या.

असे दिसले तर:

• ओरडून, अपमान करून बाटल्या फेकून देऊ नका. मुलगा लपवायला शिकेल आणि डॉक्टरांपासूनही लपवेल.
• फिजिशियन किंवा हार्मोन तज्ज्ञांकडे (एंडोक्रायनॉलॉजिस्ट) न्या. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृत, हिमोग्लोबिन आणि टेस्टोस्टेरॉनच्या तपासण्या कराव्या लागतील. काय घेतले ते सगळे खरे सांगायला सांगा. ही माहिती डॉक्टर गुप्त ठेवतात.
• औषध सोडल्यावर काही महिने मनःस्थितीवर लक्ष ठेवा. गप्प राहणे, झोप उडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.
• छातीत दुखणे, दम लागणे, एका पायाला अचानक सूज, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

तुमचे मूल जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळत असेल तर प्रत्येक डॉक्टरांना ते आधी सांगा. खोकल्याचे सिरप, मलम, आयुर्वेदिक चूर्ण, प्रोटीन पावडर, यातले काहीही मनाने देऊ नका. पावडरच्या डब्यात लेबलवर नसलेले घटकही असू शकतात. मात्र भीतीपोटी उपचार थांबवू नका. दम्यासाठी सल्ब्युटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. इन्सुलिनसारखे प्रतिबंधित यादीतील औषध आवश्यक असेल, तर कागदपत्रे देऊन राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून (नाडा) उपचारासाठीची परवानगी मागता येते. ती वेळेत मागा.

थोडक्यात

• डॉक्टर दाह कमी करण्यासाठी देतात ती आणि शरीर कमावण्यासाठी घेतली जातात ती स्टिरॉइड्स वेगळी आहेत.
• ॲनाबॉलिक स्टिरॉइड्सने ताकद वाढते, पण हृदय, यकृत, प्रजननक्षमता आणि मन यांना त्याची किंमत मोजावी लागते.
• बेसबॉलमध्ये स्पष्ट नियम आल्यानंतरची निलंबने बऱ्याच अंशी न्याय्य आहेत. त्याआधीचा दोष मात्र एकट्या ताऱ्यांच्या माथी मारणे योग्य नाही.
• खेळाडूला शिक्षा देणे हे लीगचे काम आहे. घरात कोणी ही औषधे घेत असेल, तर त्याला आधी उपचारांची आणि विश्वासाची गरज आहे.